वैजूची टर्बो

“मास्तर, टॉर्च नीट धरा की. मला नट बघायचाय, तुमची चप्पल नाही,” गाडीखालून वैजू म्हणाली.

मी टॉर्च सरळ केला. बाहेर रणरणतं ऊन होतं, पण उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडीच्या पोटाखाली कायम अंधारच असायचा. वैजूचे फक्त पाय बाहेर दिसत होते. पायांत माझे जुने कॅनव्हासचे बूट.

“दिसलं?” मी विचारलं.

“दिसलं. परत तडा गेलाय. मामा, ओ मामा! ही पण गेली बघा.”

दस्तगीरमामांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “कुठं गेली?”

“वाकणावरच. मागल्या खेपेला जिथं गेली तिथंच.”

“तिच्या मायला,” मामा म्हणाले आणि माझ्याकडे बघून ओशाळले. “माफ करा जावईबापू. तिसऱ्यांदा जोडालोय नव्हं.”

वैजू सरपटत बाहेर आली. कपाळाला काळं, केसांत गंजाचा भुगा. हातातली चिरलेली नळी तिनं उजेडात धरली आणि माझ्या शाळेतली मुलं पेपरात कमी पडलेल्या गुणांकडे बघतात तशी बघत राहिली. मग म्हणाली, “जाड पाइप घेऊ. मी उद्या शिरोलीला जातो आणि घेऊन येतो.”

कोल्हापूरच्या बायका ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात. लग्नानंतर पहिले सहा महिने मला त्याचं हसू यायचं. मी संगमेश्वरकडचा, सुधाकर पांचाळ, इथल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचो. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोयते आणि नांगराचे फाळ घडवले, पण मी हातोडा कधी धरला नाही. धरला तो खडू. वैजयंता मात्र आबा लोहारांची मुलगी. आबा गेल्यावर त्यांचं गॅरेज तिनं चालवायला घेतलं आणि आबांचे भागीदार दस्तगीरमामा तिच्या पाठीशी उभे राहिले. सुरुवातीला गिऱ्हाईकं गाडी लावून विचारायची, “मिस्त्री कुठायत?” वैजू हात पुसत म्हणायची, “बोला.”

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. तेव्हा आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती.

टर्बोचं वेड तिच्या डोक्यात शिरलं ते टाळ्यांमुळे. दरवर्षी जानेवारीत एक मोटर क्लब वाघजाईच्या जुन्या घाटात शर्यत घ्यायचा. चार किलोमीटरचा चढ, एकेक गाडी सोडायची, ज्याला वेळ कमी लागेल तो पहिला. वैजूनं आपली आठशे सीसीची, तीन सिलिंडरची लाल गाडी घेऊन भाग घेतला आणि ती शेवटची आली. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण वर पोचल्यावर माइकवरचा माणूस म्हणाला, “ताईंनी गाडी इथवर आणली, हेच खूप! जोरदार टाळ्या!” आणि लोकांनी खरंच जोरात टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर वैजू पाणी पिऊन म्हणाली, “मला टाळ्या नकोत. टाइम पाहिजे.”

टर्बो म्हणजे काय, हे तिनं मला पोळपाटावर पिठाच्या रेघा ओढून समजावलं होतं. इंजिनातून जोरानं बाहेर पडणाऱ्या धुरावर एक छोटा पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावर दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. “एवढंच?” मी म्हणालो. “एवढंच,” ती म्हणाली.

ते एवढंच पुरतं साधायला चौदा महिने लागले. मुंबईच्या भंगारबाजारातून एक जुना जपानी टर्बो आला, नारळाएवढा. तो बसवायला नळ्या वळवाव्या लागल्या, त्या तीनदा चिरल्या. दाब वाढला म्हणून पहिल्याच महिन्यात एका पिस्टनला भोक पडलं. मग इंजिनात जाड तांब्याचं पॅकिंग घातलं, तेही दाबानं उडालं. ते बदललं तर क्लच घसरायला लागला. एक दुरुस्त केलं की दुसरं मान टाकायचं. गाडी जेवढ्याला घेतली होती त्याच्या दीडपट पैसे तिच्या पोटात गेले. पन्हाळ्याच्या रस्त्याला प्लॉट घ्यायचा म्हणून आम्ही जे बाजूला टाकलं होतं, ते सगळं. वैजूनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, “प्लॉट कुठं पळून जात नाही.” खरं सांगायचं तर मला प्लॉटपेक्षा हेच आवडायचं. शाळा सुटली की मी शेडमध्ये जायचो, टॉर्च धरायचो, वह्या तपासायचो. वैजू आणि मामा एका नटावरून तास तास भांडायचे. इतकं सुखाचं भांडण मी दुसरीकडे कुठं ऐकलं नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पहिल्यांदा सगळं जुळलं. एका रविवारी सकाळी आम्ही गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर नेली. वैजू एकटी आत. गाडी आमच्यासमोरून गेली तेव्हा बॉनेटखालून बारीक शिट्टी ऐकू आली, आणि ती शिट्टी चढत चढत गेली तशी गाडी अशी काही पळाली की मामांनी माझा दंड धरला. “ऐकलासा? ऐकलासा का मास्तर? गायलीय बघा!”

पुढच्या वळणावरून ती परत आली तेव्हा बॉनेटच्या फटीतून धूर येत होता. धूर कसला, मागोमाग जाळ दिसला. तेल परत नेणारी नळी सुटून तापलेल्या टर्बोवर तेल गळलं होतं. मी धावलो. म्हणजे मला वाटलं की मी धावतोय; प्रत्यक्षात मी तिथंच उभा होतो, हे मामांनी नंतर सांगितलं. मामा वाळूची बादली घेऊन पळाले. वैजू दार उघडून बाहेर पडली, मागच्या सीटवरचं घोंगडं ओढलं, बॉनेटवर टाकलं. दोन मिनिटांत जाळ विझला.

ती माझ्याकडे आली. डावी भुवई जळाली होती. आणि ती हसत होती.

“ओढ बघितलीत? तिसऱ्या गिअरला बघितलीत?”

“वैजू, तुझी भुवई…”

“भुवई येते परत,” ती म्हणाली.

तेलाची नळी तिनं आठवड्याभरात पक्की केली, दोन्ही टोकांना तारेनं बांधली, वर पत्र्याचं आवरण घातलं. मामा म्हणाले, आता काही भीती नाही. मीही मान डोलावली. पण त्यानंतर शाळेत फळ्यावर नकाशा काढताना मधेच माझा हात थांबायचा. तो जाळ दिसायचा आणि त्यातून हसत येणारी ती. मला सगळ्यात जास्त भीती त्या हसण्याची वाटायची. हिला भीती वाटतच नाही, मग हिला थांबवणार कोण?

मी तिला त्यातलं काही बोललो नाही. टॉर्च धरत राहिलो.

जानेवारीत शर्यतीचा दिवस उजाडला. घाटाच्या पायथ्याशी अकरा गाड्या रांगेत लागल्या. वैजूनं सगळ्या गाडीवरून एकदा हात फिरवला, एकेक नट, एकेक नळी. मग ती नंबराचा कागद आणायला गेली. मामा पेट्रोलचा कॅन परत ठेवायला गेले. दहा मिनिटं मी एकटाच गाडीपाशी उभा होतो. ती आली, नंबर चिकटवला, हेल्मेट चढवलं.

“जाऊ?” तिनं विचारलं.

“सावकाश जा,” मी म्हणालो.

“शर्यतीला सावकाश?” ती हसली.

मी आणि मामा आधीच ठरलं होतं तसं मोटरसायकलवरून तिसऱ्या वळणावर जाऊन थांबलो. खालून आवाज यायला लागला. शिट्टी चढली. मामांनी डोळे मिटून घेतले होते, गाणं ऐकतात तसे. पहिलं वळण. शिट्टी आणखी चढली. आणि मग ‘फट्ट’ असा आवाज झाला, सायकलची ट्यूब फुटल्यासारखा, आणि शिट्टी बंद.

“गेली,” मामा डोळे न उघडता म्हणाले.

गाडी आमच्यासमोरून गेली ती साध्या आठशेसारखी, धापा टाकत. अकरांत वैजू नववी आली. जिंकलेल्याला चार मिनिटं एकवीस सेकंद, वैजूला पाच मिनिटं दोन.

वर पोचलो तेव्हा तिनं बॉनेट उघडलं होतं. टर्बोकडून कार्बोरेटरकडे दाबाची हवा नेणारी रबरी नळी निसटून बाजूला पडली होती. तिला आवळून धरणारी पत्र्याची क्लिप सैल लोंबत होती. वैजूनं क्लिपचा स्क्रू बोटानं फिरवून बघितला. तो नुसत्या बोटानं फिरला.

“ही मी आवळली होती,” ती म्हणाली. मग हळूच, “आवळली होती का?”

“तू न्हाईस पोरी,” मामा पुढे झाले. “शेवटचा हात माझा. आवळतो म्हनलो आन्‌ इसरलो.”

“मामा, खोटं बोलू नका. त्या क्लिपला तुम्ही हातच लावला नव्हता.”

“लावलावता. तुला ठावं न्हाई.”

तिनं नळी बसवली, क्लिप आवळली आणि बॉनेट लावलं.

शर्यत हरल्याचं तिला दुःख होतं, पण ते चार दिवसांत ओसरलं असतं. वेगळंच काहीतरी सुरू झालं होतं. ती प्रत्येक नट तीन-तीनदा तपासायला लागली. गिऱ्हाइकाची गाडी दिली की तासाभरानं फोन करून विचारायची, काही आवाज येत नाही ना. एका दुपारी सरनोबत डॉक्टर ब्रेकचं काम घेऊन आले, आबांच्या काळापासूनचे गिऱ्हाईक. वैजू त्यांना म्हणाली, “डॉक्टर, ब्रेक दुसरीकडं करा.” ते चकित झाले. “का गं?” तर म्हणाली, “सध्या माझा माझ्या हातावर भरवसा नाही.”

इकडे दस्तगीरमामा शेडवर यायचेच बंद झाले. मी त्यांच्या घरी गेलो तर ओट्यावर बसले होते. “डोळं तपासून घेतलं,” म्हणाले. “डागदर म्हनतो काय न्हाई. पर वय झालं मास्तर. पोरीचा जीव गेला असता माझ्यामुळं. मिरजेला पोराकडं जाऊन ऱ्हातो आता.” वैजूला वाचवायला त्यांनी जे खोटं सांगितलं होतं, ते घोकून घोकून त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.

असा सव्वा महिना गेला. एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मी शेडवर गेलो तर वैजूनं टर्बो काढून बाकावर ठेवला होता आणि रॉकेलच्या फडक्यानं पुसत होती.

“सांगलीचा एक जण घेतोय,” ती म्हणाली. “उद्या येईल. आणि मास्तर, मी विचार करतोय, शेड भाड्यानं द्यावी.”

मी दाराशी उभा होतो. हातात वह्यांचा गठ्ठा होता, तो मी जमिनीवर ठेवला.

“वैजू, क्लिप मी सैल केली होती.”

फडकं थांबलं. तिनं वर बघितलं नाही.

“कधी?”

“तू नंबर आणायला गेलीस तेव्हा.”

“कशानं?”

“तुझ्याच लहान स्क्रूड्रायव्हरनं.”

“किती फेरे?”

“तीन. साडेतीन असतील.”

तिनं मान हलवली, पेशंटचं ऐकून घेणाऱ्या डॉक्टरसारखी. मग टर्बो दोन्ही हातांनी उचलून नीट मधोमध ठेवला.

“आग लागली तेव्हापासून मला…” मी सुरुवात केली. “मला वाटलं, दाब नसला की गाडी हळू जाईल. तू सुखरूप वर जाशील. एवढंच माझ्या मनात होतं.”

“आणि त्यानंतर? सव्वा महिना?”

“धीर झाला नाही.”

मला वाटलं ती ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. तिनं आपले दोन्ही तळवे समोर धरले, काळे, भेगा पडलेले, आणि उलटसुलट करून बघितले. खूप दिवसांनी परगावाहून आलेल्या माणसाकडे बघावं तसे. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हातांसाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं, हे मला कळलं.

“चला,” ती उठली.

“कुठं?”

“मामांकडं. हे सगळं त्यांना सांगायचं. मी नाही, तुम्ही.”

मामांच्या ओट्यावर मी उभ्यानंच सांगितलं. वैजू खाली रस्त्यावर थांबली होती. मामांनी सगळं ऐकलं. दाढीवरून हात फिरवला.

“लई जीव हाय व्हय पोरीवर?”

मी मान डोलावली.

“मग असला जीव लावू नगासा जावईबापू. गुदमरतंय मानूस त्येच्यात.” मग त्यांनी आत वळून टोपी मागितली, वहाणा पायांत घातल्या आणि ओटा उतरून वैजूला म्हणाले, “सांगलीवाल्याला फोन कर. न्हाई इकायचा म्हनून सांग.”

त्यानंतर अकरा दिवस वैजू माझ्याशी बोलली नाही. डबा वेळेवर असायचा, भाजीत मीठ बरोबर असायचं, नुसतं बोलणं नसायचं. मी शेडवर जायचो. माझ्या टॉर्चऐवजी आता खिळ्याला अडकवलेला दिवा होता. मी वह्या तपासत बसायचो. चौथ्या दिवशी सरनोबत डॉक्टरांची गाडी आत उभी दिसली, चाकं काढलेली. मला इतका आनंद झाला की मी एका मुलाला उत्तर चुकलेलं असूनही पूर्ण गुण दिले.

बाराव्या दिवशी जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, “रविवारी सकाळी सातला तयार राहा. एक जादाचं हेल्मेट मामांनी आणलंय.”

“माझ्यासाठी?”

“मग काय शेजाऱ्यांसाठी?”

नवा रस्ता झाल्यापासून वाघजाईच्या जुन्या घाटात वाहतूक जवळजवळ नसायची. मामांचे दोन भाचे वर-खाली रस्ता धरून उभे राहिले. स्वतः मामा घड्याळ घेऊन वर. खालच्या भाच्यानं फडकं हलवलं की त्यांच्याकडे मोबाइलवर मिस्ड कॉल जायचा आणि ते वेळ धरायचे. मी वैजूशेजारच्या सीटवर बसलो. पट्टा तिनंच आवळला. मी दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरली.

“बोलू नका. रस्त्याकडं बघा,” ती म्हणाली.

फडकं हललं. सुरुवातीला काहीच झालं नाही. गाडी नेहमीसारखीच निघाली. मला वाटलं, एवढंच? आणि मग शिट्टी आली. आतून ऐकताना ती शिट्टी वाटत नाही, कुणीतरी लांबचा श्वास ओढून घेतंय असं वाटतं. दुसऱ्या क्षणी सीटनं मला पाठीमागून ढकललं. पहिलं वळण आलं, तिनं गाडी आत घातली, डावीकडे कातळ, उजवीकडे नुसतं आभाळ. मी ओरडलो असेन. ती मात्र बोलत होती. माझ्याशी नव्हे, स्वतःशी, पुटपुटल्यासारखी. “थांब… थांब… आता.” प्रत्येक वळणाला तेच. “थांब… आता.” ती आंधळेपणानं पळवत नव्हती. प्रत्येक वळणाआधी ती जागा तिला ठाऊक होती, जिथं सोडायचं आणि जिथं दाबायचं. चौदा महिने मी टॉर्च धरला होता, पण ही बाई गाडी कशी चालवते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

वर पोचल्यावर मी दार उघडलं आणि गटाराच्या कडेला बसून सकाळचा चहा ओकलो. मागून मामांचा आवाज आला.

“चार सतरा! दोन माणसं घेऊन चार सतरा! पोरी, जिंकलेल्यापेक्षा चार सेकंद कमी! क्लबात जाऊन सांगतो मी. आत्ताच जातो.”

“नको मामा,” वैजू म्हणाली.

“आगं पर…”

“मला कळलं ना. बास.”

तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या. लहान मुलाला मारतात तशा.

पुढच्या वर्षी त्या घाटात शर्यतीला परवानगी मिळाली नाही आणि मग क्लबही मोडला. चार मिनिटं सतरा सेकंद ही वेळ कुठल्याही कागदावर नाही. मामा गेले, भाचे विसरलेही असतील; आता ती आम्हा दोघांनाच माहीत आहे.

उतरताना ती गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू सोडत होती. हेल्मेट काढून तिनं मागच्या सीटवर टाकलं होतं. भुवई पूर्ण उगवली होती. मधे कधी उगवली ते मी बघितलंच नव्हतं.

“भीती वाटली?” तिनं विचारलं.

“खूप.”

“मला पण वाटते. दर वेळी.”

मी तिच्याकडे बघितलं. “तुला? त्या दिवशी आगीतून तर तू हसत बाहेर आलीस.”

“मग काय रडत येऊ? पाय लटलटत होते माझे. तुम्ही आधीच पुतळ्यासारखे उभे होता. म्हटलं, हसावं.”

“मग मला सांगितलं का नाहीस कधी?”

तिनं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. खाली दरीत कुठंतरी एक म्हैस हंबरत होती.

“तुम्ही कधी विचारलंत?” ती म्हणाली. “आता विचारा.”

मी विचारलं. कशाची भीती वाटते, कुठल्या वळणावर वाटते, आबा गेल्यावर पहिल्यांदा एकटीनं शेडचं कुलूप उघडलं तेव्हा वाटली होती का, आणि माझी वाटते का. ती एकेक सांगत गेली. मधेच मामा आणि वरचा भाचा मोटरसायकलवरून शेजारून गेले, मामांनी हात केला, पण थांबले नाहीत.

चार किलोमीटरचा तो घाट उतरायला आम्हाला त्या दिवशी दोन तास लागले.